आठ ताटांचे घर

आमच्या घराण्यात एक चाल आहे. वडिलांच्या श्राद्धतिथीला जवळच्या अनाथाश्रमात एक वेळचे जेवण द्यायचे. आजोबांच्या काळात ते धुळ्यात होई. पुढे नोकरीमुळे मी पुण्यात आलो आणि चालही माझ्याबरोबर पुण्यात आली. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी ती असेल. कुणी मुलाच्या वाढदिवसाला देतो, कुणी बढती मिळाली म्हणून देतो. छापील पावती मिळते, फळ्यावर आपले नाव खडूने लिहिलेले असते, मुले रांगेने बसून श्लोक म्हणतात आणि आपण जिलबीचे ताट घेऊन त्यांच्यातून फिरतो. दिवाळीत तर विचारूच नका. एका आश्रमाच्या व्यवस्थापकांनी मला सांगितले होते की, चार दिवसांत सहा घरचा फराळ येतो, भाऊबीजेपर्यंत निम्मी मुले पोट धरून बसतात आणि पुढे आषाढ-श्रावणात तेलाचा डबा कुठून आणावा याची विवंचना असते.

त्या पंगतीत मला एक गोष्ट नेहमी जाणवे. मुले जेवताना फार शांत असत. घरची मुले अशी जेवत नाहीत. घरचे पोर भाजी कडेला सारते, भावाच्या ताटातला पापड पळवते, 'मला हे नको' म्हणून रुसून बसते. रुसायचे तर समजूत काढणारे हक्काचे माणूस लागते. शंभर मुलांच्या पंगतीत रुसायचे कुणावर?

आज हे लिहायचे कारण म्हणजे आमची धाकटी. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. धुळ्यातच वाढली, धुळ्यातच शाळेत शिक्षिका झाली, एकेचाळिसाव्या वर्षी तिच्यावर वैधव्य आले. मूलबाळ नाही. आम्ही भावंडांनी तिच्यासाठी पुष्कळ बेत केले. कुणी म्हणाले पुण्याला चल, कुणी म्हणाले पुन्हा लग्नाचा विचार कर. तिने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि २०१९ साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन आम्हाला पत्र पाठवले की, जळगाव जिल्ह्यात एका संस्थेच्या घरात ती गृहमाता म्हणून राहायला जात आहे. संस्थेचे नाव लिहू नये अशी तिचीच अट आहे. आणि मुलांची ओळख पटेल असे काही छापायचे नाही, हा तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचाच दंडक आहे; तेव्हा नावे-गावे कुणी शोधत बसू नये.

गृहमाता हा शब्द ऐकून आमच्या हिने विचारले, "म्हणजे वसतिगृहाची रेक्टर का?" तसे नव्हे. एक लहानसे घर, त्यात एक बाई आणि आठ मुले. मुलगे-मुली एकत्र, चार वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची. सख्खी भावंडे असतील तर ती तोडायची नाहीत, एकाच घरात ठेवायची. स्वयंपाक त्या घरातच, बाजार त्या घराचाच, शाळा मात्र गावातली. अशी चार-पाच घरे जवळजवळ, आणि मध्ये एक लिंबाचे झाड.

ही कल्पना जगात पसरवली ती हर्मान ग्माइनर नावाच्या एका ऑस्ट्रियन माणसाने. लहानपणीच त्याची आई गेली. मोठ्या बहिणीने सगळ्या भावंडांना वाढवले. दुसऱ्या महायुद्धातून परतल्यावर रस्तोरस्ती निराधार मुले दिसू लागली तेव्हा त्याला आठवण झाली ती आपल्या बहिणीची. १९४९ साली इम्स्ट या गावी त्याने काम सुरू केले. लोकांकडे मागितले काय, तर महिन्याला एक शिलिंग. त्याचे म्हणणे चार शब्दांत सांगता येते: आई, भावंडे, घर आणि गाव. हिंदुस्थानात असे पहिले गाव दिल्लीजवळ फरिदाबादला उभे राहिले. आपल्या महाराष्ट्रात पुण्याला, अलिबागजवळ आणि १९९३ च्या भूकंपानंतर लातूरला अशी बालग्रामे झाली.

तरी ही गोष्ट खानदेशाने ऑस्ट्रियाकडून शिकावी असे मला वाटत नाही. धुळ्याहून बसने जळगावला निघालात तर पारोळ्यापासून अमळनेर फार लांब नाही. १९२४ साली तिथल्या शाळेत साने गुरुजी मास्तर म्हणून आले आणि थोड्याच दिवसांत छात्रालय त्यांच्याकडे आले. मुले शाळेत गेली की हा माणूस त्यांच्या वळकट्या नीट रचून ठेवी, कुणाचे मळके कपडे धुऊन टाकी, आजारी पोराच्या उशाशी रात्र काढी. मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढी. हे १९३० पर्यंत चालले. मग कायदेभंगाची चळवळ आली आणि गुरुजी तुरुंगात गेले. 'श्यामची आई' त्यांनी लिहिली ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. म्हणजे सनावळी नीट पाहिली तर गुरुजींनी आईचे काम आधी केले आणि आईचे पुस्तक नंतर लिहिले. आपण पुस्तक वाचून रडतो, १९५३ चा अत्र्यांचा चित्रपट पाहून रडतो, आणि अमळनेरच्या वळकट्या विसरतो.

आणखी मागे गेलो तर जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि तिथे जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, आपलाच मुलगा करून घेतला. आमची आजी छप्पन्नच्या दुष्काळाच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, गोष्टी सांगे. तिने तो पाहिला नव्हता, तिच्या सासूने पाहिला होता. कडेवरचे मूल रस्त्याकडेच्या झाडाखाली ठेवून मागे न पाहता चालू लागलेल्या बायका! अशा दुष्काळातल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी केडगावला नेले, आणि शेकडो पोरे ठिकठिकाणच्या मिशनांत गेली. तेव्हा प्रश्न जगवण्याचा होता. एका छपराखाली दोनशे काय, पाचशे मुले राहिली तरी ती जगली हेच पुष्कळ होते. आज मुले जगतात. पुढे काय, हा आजचा प्रश्न.

धाकटीकडे मी पहिल्यांदा गेलो तो महासाथीची पहिली लाट ओसरल्यावर. माझी समजूत अशी की, तिथे सगळी आईबाप नसलेली मुले असतील. ती हसली. "दादा, आठांत दोघांचे आईबाप दोन्ही गेलेत. बाकीच्यांचं कुणीतरी आहे. तेच अवघड आहे." मग तिने सांगितले ते ऐकण्यासारखे होते. चाळीसगाव, साक्री, शिरपूर या बाजूंनी कुटुंबेच्या कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. एका मुलाचा बाप फडावर ट्रॉलीखाली सापडून गेला, आईने दुसरे घर केले, आणि नव्या घरात जुन्या मुलाला जागा नव्हती. एकीची आई जळाली आणि बाप तुरुंगात. भुसावळ हे केवढे मोठे जंक्शन! कुठून कुठून सुटलेली पोरे तिथे उतरतात. काही सापडतात, बाल कल्याण समितीपुढे उभी केली जातात, आपले गाव सांगतात आणि त्या नावाची गावे तीन जिल्ह्यांत निघतात.

त्या बाईला, म्हणजे दुसरे घर केलेल्या आईला, मी काहीतरी टोचून बोललो. धाकटी मला म्हणाली, "ती दर पोळ्याला येते. येताना शेव आणते. त्याच्याकडे बघत बसते आणि शेवटच्या बसने जाते. तू काही म्हणू नकोस."

त्या घरात मी चार दिवस राहिलो. प्रत्येकाचे ताट वेगळे, ताटामागे खिळ्याने कोरलेले नाव. प्रत्येकाची पत्र्याची पेटी, तिला कुलूप, किल्ली ज्याची त्याच्या गळ्यात. पेटी उघडायची नाही, असा धाकटीने स्वतःलाच नियम घालून घेतला आहे. नवीन आलेले पोर पहिले काही महिने भाकरीचा तुकडा उशीखाली ठेवते. ती तो काढून घेत नाही. सकाळी मुंग्या झाल्या की उशी झटकते, आणि दुसऱ्या रात्री आपणच एक लहानशी भाकरी डब्यात घालून उशाशी ठेवते. एके दिवशी डबा तसाच राहतो. तो दिवस ती कॅलेंडरवर लिहून ठेवते. मी ते कॅलेंडर पाहिले. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, आणि मध्येच 'डबा राहिला'.

आणि जेवण! पंगत शांत असण्याचा माझा अनुभव इथे पार पुसला गेला. कळण्याची भाकरी आणि भरीत होते. एकाला भरतात हिरवी मिरची जास्त झाली, एकाला शेंगदाणे कमी पडले, सर्वांत धाकटा ताट पुढे ढकलून म्हणाला, "माले नको." धाकटीने त्याला दोन शब्द सुनावले. तो रडला, रुसला, चुलीमागच्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि दहा मिनिटांनी येऊन जेवला. मला काय वाटले ते लिहीत नाही. पण श्राद्धाच्या जेवणाचे पैसे मी त्या वर्षापासून तेलाच्या डब्यांसाठी आणि तेही आषाढात पाठवतो.

माझ्या शंका होत्या आणि पुष्कळशा अजून आहेत. एका बाईवर आठ मुले म्हणजे काय थट्टा आहे? महिन्यातून तीन दिवस तिला रजा असते, तेव्हा दुसरी मावशी येते आणि पोरे तिला सळो की पळो करतात. धाकटी साठीची होईल तेव्हा तिने कुठे जायचे? आईची निवृत्ती हा प्रकार आपल्या डोक्यात बसत नाही. शिवाय मुळात इतकी मुले घराबाहेर यावीतच का? कायदाही सांगतो की, संस्था हा शेवटचा उपाय. मावशी, काका, आजी सांभाळायला तयार असेल तर सरकारने तिला हात द्यावा म्हणून आपल्याकडे बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाईंच्या नावाची. २०२३ पासून तिच्यात मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. गरीब आजीला हे पैसे वेळेवर पोचले तर किती मुलांना कुठल्याच घरात जावे लागणार नाही! मी हे बोललो तेव्हा धाकटीने वाद घातला नाही. तिच्या घरातली दोन भावंडे अशीच आजीकडे परत गेली होती, आणि त्यांना पोचवायला पिशवीत तांदूळ बांधून तीच गेली होती.

खरा प्रसंग आला तो २०२३ साली.

घरात एक मुलगी होती, सहा वर्षांची. तिसऱ्या वर्षी एका स्टेशनवर सापडलेली. अहिराणीशिवाय काही बोलत नसे, म्हणून इथलीच कुठली तरी असावी एवढाच अंदाज. सापडलेल्या मुलाचा फोटो वर्तमानपत्रात छापतात, आईबापांचा शोध घेतात; दोन वर्षांखालचे मूल असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत ते दत्तकासाठी मोकळे व्हावे, असा नियम आहे. हिच्या बाबतीत एक माणूस काका म्हणून आला, पत्ता देऊन गेला आणि परत फिरकला नाही. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. चार महिन्यांची तीन वर्षे झाली. आणि या तीन वर्षांत ती मुलगी आमच्या धाकटीची झाली. रात्री हिचा पदर मुठीत धरल्याशिवाय तिला झोप येत नसे.

मग एका सकाळी कळले की, मुलगी मोकळी झाली आणि दुसऱ्या राज्यातल्या एका जोडप्याने तिला पसंत केले. धाकटीचा मला रात्री साडेअकराला फोन आला. "दादा, मी तिची माय आहे की धर्मशाळा?"

मी काय सांगणार? मी म्हटले, "तूच का घेत नाहीस दत्तक?" ती म्हणाली, "मी विचारलं नसेल असं वाटतं तुला?" तिचे वय, एकटेपण आणि उरलेली सात मुले. एकीला पोटाशी धरले तर बाकीच्या सातांनी कुणाकडे पाहायचे? आणि रांगेत वर्षानुवर्षे थांबलेले ते दुसरे आईबाप, त्यांचा काय दोष? या प्रश्नाला उत्तर आहे असे मला वाटत नाही. मुलाला एक कायमचे घर मिळावे यासाठी कायदा आहे, आणि तो योग्यच आहे. पण मूल ज्या मांडीवरून उचलायचे त्या मांडीचा विचार कायद्यात कुठे करणार?

मी धुळ्याला जाऊन तिथून जळगावला गेलो. धाकटीने दीड महिना तयारी केली. एका वहीत मुलीची गोष्ट लिहिली: कुठे सापडली, पहिला दात कधी पडला, शाळेत कोणत्या कवितेला टाळ्या मिळाल्या, काय खाते, कशाला भिते. फोटो चिकटवले. आठही मुलांनी त्या वहीत आपापल्या हाताचे ठसे उमटवले. मग नव्या आईबापांशी फोनवर चेहरा दाखवून बोलणे सुरू झाले. त्यांना मराठीच येत नव्हते, अहिराणी दूरच. एवढ्या मोठ्या मुलीचे मत विचारावे लागते, म्हणून तिलाही विचारले. ती आधी म्हणाली, "माले नई जानं." मग म्हणाली, "तू बी चाल." मग बराच वेळ गप्प राहून तिने विचारले, "तठे माय शे का?"

धाकटी म्हणाली, "शे."

नेण्याच्या दिवशी धाकटी रडली नाही. तिने मुलीची पेटी बांधली, किल्ली तिच्या गळ्यात घातली आणि त्या बाईच्या हातात वही दिली. बाईच रडत होती. मुलीने जिपमध्ये बसल्यावर पहिले काम काय केले असेल, तर त्या बाईच्या ओढणीचे टोक मुठीत धरले. हे मी पाहिले. धाकटीनेही पाहिले, ती लगेच आत गेली आणि दुपारच्या भाकऱ्या थापायला बसली.

पुढचे दोन महिने तिला ताप येत-जात राहिला. संस्थेने तिला रजा घ्यायला सांगितले, ती धुळ्याला आमच्या गल्लीतल्या जुन्या घरात आठ दिवस राहिली आणि नवव्या दिवशी उठून परत गेली. कारण विचारले तर म्हणाली, "मोठ्याची परीक्षा आहे."

हा मोठा म्हणजे त्या घरातला पहिला मुलगा. अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलाने बालगृह सोडायचे असते. गरज असेल तर २१ पर्यंत अनुरक्षण गृह, आणि विशेष बाबतीत २३ पर्यंत. वाचकहो, आपल्या घरी अठरा वर्षांच्या मुलाला आपण दूध तापवायला सांगत नाही, आणि या मुलांना त्या दिवशी जग दाखवतात. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली अनाथ मुलांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का राखीव जागा दिल्या, त्याचा उपयोग होतो. पण अनाथ असल्याचा दाखला मिळवण्यासाठी आधी अनाथ आहोत हे सिद्ध करावे लागते, आणि आईबाप नसलेल्या मुलाकडे आईबापांचे कागद कुठून असणार? वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी आपल्या दिव्यांग मुलांच्या कागदावर बाप म्हणून सरळ स्वतःचे नाव लावले. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. सगळ्यांना असे शंकरबाबा कुठे मिळतात? आमचा मोठा सध्या जळगावला आय.टी.आय. शिकतो, दोन मित्रांबरोबर खोली करून राहतो. दर रविवारी घरी येतो, गॅसची टाकी उचलून आत ठेवतो, धाकट्यांना दम देतो आणि डबा भरून घेऊन जातो.

खानदेशात दिवाळीइतकीच, किंबहुना काकणभर जास्तच, आखाजी मोठी. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. शेजारच्या घरात वाढलेल्या एका मुलीचे दोन वर्षांपूर्वी लग्न झाले. पहिल्या आखाजीला तिच्या सासूने विचारले, "तुला माहेर कुठलं ग? जाशील कुठे?" त्या घरच्या गृहमातेला हे कळले तेव्हा ती आणि आमची धाकटी अशा दोघी बसने तिच्या सासरी गेल्या आणि रीतसर मूळ घेऊन, लेक घेऊन आल्या. मुलांनी लिंबाला सुताचा दोर बांधला. दोर आखूड पडला, म्हणून विहिरीचा आणला. जावई दुसऱ्या दिवशी आले. त्यांना पुरणपोळी आणि रस वाढताना सगळी पोरे एवढी वाकून बघत होती की, बिचारे जेवलेच नाहीत.

मुलीकडून, म्हणजे त्या दत्तक गेलेल्या मुलीकडून, अधूनमधून फोन येतो. आता ती अहिराणी विसरली आहे. धाकटीला ती 'जळगाववाली माँ' म्हणते. एकदा तिच्या नव्या आईचा फोन आला की, ती ज्वारीची काळी भाकरी मागते, ती कशी करायची? कळणा म्हणजे ज्वारीत उडीद दळायचे, मीठ दळतानाच घालायचे, हे सगळे धाकटीने हिंदीतून पाऊण तास समजावून सांगितले. तिचे हिंदी ऐकून पोरे हसून लोळत होती.

या दिवाळीत मी तिकडे जाणार आहे. फराळ न्यायचा नाही अशी ताकीद आली आहे. घरी चकल्या करायच्या आहेत आणि साचा फिरवण्यावरून आधीच भांडण जुंपले आहे. रिकामी जागा भरणार आहे. चार वर्षांचा एक मुलगा येणार असे समितीने कळवले आहे. सातपुड्यातला आहे, पावरीशिवाय काही समजत नाही, आणि घरात पावरी कुणालाच येत नाही. धाकटीने मला पुण्यात पावरीचे पुस्तक शोधायला सांगितले. मी अप्पा बळवंत चौकात दोन दुपारी घालवल्या, मिळाले नाही. शेवटी शिरपूरकडच्या एका ओळखीच्या शिक्षकांना गाठले. त्यांनी शंभर शब्द लिहून पाठवायचे कबूल केले आहे. शंभर यायला वेळ लागेल, म्हणून तिने तीनच शब्द आधी मागवले आहेत: भूक, शू आणि भीती.